गोळीच्या बदल्यात सिगारेट

पत्र:

ताई, माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गेल्या दिवाळीच्या आधी तीन आठवडे तो ॲडमिट होता. घरी आला तेव्हा अगदी पहिल्यासारखा होता, सोबत ओलान्झापीनच्या गोळ्या. पण संक्रांत येईपर्यंत कानातली कुजबुज पुन्हा सुरू झाली. पप्पा म्हणतात, हा गोळ्या थुंकतो. मी शपथेवर सांगते, नाही थुंकत. रोज रात्री माझ्यासमोर गिळतो, जीभ वर करून दाखवतो. कारण मग मी त्याला सिगारेट देते. हो, मीच. गोळी घेतलीस तर सिगारेट, असा आमचा सौदा आहे. घरात कोणाला माहीत नाही. बाकीच्या दहा-बारा तो कॉलेज रोडच्या टपरीवर उधारीवर ओढतो. मागच्या महिन्यात उधारी २,३०० झाली, तीही मीच भरली. तो म्हणतो, सिगारेट ओढली की गोळीचं जडपण उतरतं, डोकं शांत राहतं. आता पप्पांनी ठरवलंय, मे महिन्यात त्याला सिन्नरकडे गावी नेऊन पंधरा दिवस मळ्यात ठेवायचं, म्हणजे सिगारेट आपोआप सुटेल. आजी म्हणते, ओढू द्या त्याला, विड्या वळूनच मी पोरं वाढवली. मला काहीच सुचत नाही. मी चुकते आहे का? की त्याला एवढं एकच सुख उरलंय, ते तरी राहू द्यावं?
एक बहीण, इंदिरानगर, नाशिक

उत्तर:

तू माझ्या मुलीपेक्षाही लहान असणार, म्हणून सरळ अगं म्हणते.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी लांब लांब लिहिल्या आहेस. मी त्या शेजारी ठेवते. दवाखान्यातून आला तेव्हा बरा होता, दोन-अडीच महिन्यांत बिघडला. आणि गोळी रोज पोटात जाते, सिगारेटीही दहा-बारा होतात. आता एक सांग, ॲडमिट असताना त्याला सिगारेट मिळत होती का? बहुतेक नसणार. म्हणजे त्याच्या गोळीचा डोस ठरला तो धूर नसलेल्या अंगाला बघून. घरी आला, टपरी सुरू झाली. गोळी तीच राहिली, अंग मात्र बदललं.

हे जरा नीट सांगते, कारण तुमच्या घरातलं निम्मं भांडण इथेच मिटेल. ओलान्झापीन शरीरात फोडून बाहेर काढायचं बरंचसं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. डॉक्टर त्याला सीवायपी वन ए टू म्हणतात, तुला नाव लक्षात ठेवायची गरज नाही. तंबाखू जळताना धुरातून जी रसायनं फुफ्फुसांवाटे रक्तात जातात, ती या एन्झाइमचं काम वाढवून ठेवतात. मग गोळी नेहमीपेक्षा लवकर फुटते आणि रक्तात औषध कमी उरतं. दिवसाला दहा-बारा सिगारेटी त्यासाठी पुरेशा होतात. गंगापूर धरणातून पाण्याचं आवर्तन ठरल्याप्रमाणे सुटावं, पण वाटेत पाट जागोजागी फुटलेला असावा, तसं हे. धरणावरचा माणूस म्हणतो पाणी सोडलं, पाटाच्या टोकाचा शेतकरी म्हणतो बांधापर्यंत आलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात. तू बघतेस की गोळी गिळली, पप्पा बघतात की गोळी लागू पडत नाही, म्हणून त्यांना थुंकल्याचा संशय येतो. तुम्हा दोघांना दिसतंय ते खरंच आहे.

आवाज परत यायचं कारण हेच, असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. जागरण, ताण, आजाराची स्वतःची चढउतार, काहीही असू शकतं. पण हे कारण तपासायला पैसा लागत नाही. डॉक्टरांना एक आकडा सांगावा लागतो, आणि मला खात्री आहे की तो तुमच्यापैकी कोणीच सांगितलेला नाही. पप्पांना लाज वाटते, भावाला भीती वाटते आणि तुझं तर गुपितच आहे. डॉक्टरांनी ‘तंबाखू खातो का?’ असं विचारलं असेल आणि घरच्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं असेल, हेही शक्य आहे. आपल्याकडे तंबाखू म्हणजे मळायची, मिश्री लावायची नाहीतर पुडीतली. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के होते आणि धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. पण या गोळीच्या बाबतीत भानगड धुराची आहे. मळलेल्या तंबाखूने किंवा निकोटीनच्या च्युइंगमने हे एन्झाइम असं चढत नाही. (म्हणून ‘सिगारेट सोड, तंबाखू मळ’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तोंडाच्या कॅन्सरचे वॉर्ड त्याच सल्ल्याने भरले आहेत.)

आणि भाऊ म्हणतो ते? जडपण उतरतं म्हणतो ना, अगदी खरं आहे ते. रोजच्या ओढण्याने औषधच कमी उरत असेल, तर त्याची झोपाळू गुंगीही कमी होणारच. वर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि थोडा वेळ तरतरी आणतं. त्या मुलाने कोणालाही न विचारता स्वतःचा डोस स्वतःच कमी करायची युक्ती शोधली आहे, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नाही. त्याला आळशी, व्यसनी म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या की तो गोळीच्या त्रासाची तक्रार करत होता आणि ती नोंदवून घ्यायला कोणी नव्हतं. जडपणावर उपाय असतात. गोळीची वेळ बदलता येते, डोस बदलता येतो, औषधही बदलता येतं. धुराचा असा परिणाम सगळ्याच औषधांवर होत नाही. ज्यांच्यावर होतो, त्यांत ओलान्झापीन आणि क्लोझापीन (हेही याच आजारावरचं औषध) ही दोन मोठी नावं.

आता तुझा सौदा. तू चुकते आहेस का, असं विचारलंस. तुझी रात्रीची एक सिगारेट त्या दहा-बारांच्या हिशेबात किरकोळ आहे, तिच्याने आजार उलटला नाही. तेवढं ओझं आज खाली ठेव.

सौद्याबद्दल मला दुसरीच काळजी आहे, आणि ती मी अनुभवाने बोलते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मनोरुग्णांच्या वॉर्डात समाजसेविका होते. तिथे विडी हेच चलन होतं. अंघोळ केली की एक विडी, फरशी पुसली की एक, आरडाओरडा न करता रांगेत उभं राहिलं की एक. देणाऱ्यांत मीही होते. तेव्हा ते माणुसकीचंच वाटायचं. एक मुलगा असाच विशीतला, आला तेव्हा ओढत नव्हता. गेला तेव्हा दिवसाला एक बंडल संपवत होता. आमच्या लक्षात फक्त एवढंच आलं होतं की हल्ली तो वेळेवर अंघोळ करतो.

बक्षीस म्हणून जी वस्तू देतो, तिची किंमत आपणच वाढवून ठेवतो. आणि जिच्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ती गोळी मग आपोआप शिक्षा होऊन बसते. भावाच्या मनात आता गोळी ‘ताईसाठी’ आणि सिगारेट ‘माझ्यासाठी’ अशी वाटणी झाली असेल. उद्या तू लग्न होऊन गेलीस, नाहीतर नुसती चार दिवस आजारी पडलीस, तर गोळी कोणासाठी घेणार तो?

पण म्हणून आज रात्रीच सौदा मोडू नकोस. गोळी सुटण्यापेक्षा सौदा परवडला. आधी डॉक्टरांकडे जा आणि सगळं सांग, सौद्यासकट. लाजू नकोस, त्यांनी याहून चित्रविचित्र सौदे ऐकलेले असतात. गोळीवरून रोजचं राजकारण होत असेल तर काही औषधं दोन-चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शननेही देता येतात. ते त्याला चालेल का, हे त्याच्यासमोर, त्याला विचारून ठरवा. एकवीस वर्षांचा आहे तो. तुझ्या सगळ्या पत्रात त्याचं म्हणणं एका ओळीत आलंय, पप्पांचं, आजीचं आणि तुझं पानभर.

जायच्या आधी आठवडाभर एका वहीत तीनच गोष्टी लिहा: किती सिगारेटी, गोळी कधी, आवाज केव्हा वाढतात. वही त्यानेच लिहावी, तुम्ही कोणी मोजायला बसू नका. आकडा खोटा लिहील अशी भीती वाटते ना? ओरडा बसणार नाही अशी खात्री असली की मुलं फार खोटं लिहीत नाहीत. आवाज त्याला स्वतःला इजा करायला सांगत असतील, किंवा त्याने जेवणखाण-झोप सोडली असेल, तर मात्र आठवडा नको, वही नको, त्याच दिवशी गाठा. नेहमीचे डॉक्टर नसतील तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे.

पप्पांचा मे महिन्याचा बेत हा तुझ्या पत्रातला मला सर्वांत धोक्याचा भाग वाटला. सिगारेट अचानक बंद झाली की ते एन्झाइम साधारण आठवडाभरात मूळ पदावर येतं. पाट दुरुस्त झाला, आवर्तन तेवढंच, आता शेतात पाणी तुंबणार. तीच गोळी त्याला जास्त लागायला लागेल: दिवसभर झोप, उठताना चक्कर, हातपाय जड. त्यातून डॉक्टरांनी मधल्या काळात डोस वाढवला असेल तर विचारायलाच नको. क्लोझापीनवर असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकतं. मळ्यात कोणाला हे कळणार? ‘बघा, सिगारेट सोडली तर पोरगं कसं शांत झोपलंय’ असंच म्हणतील. आणि पंधरा दिवसांनी नाशिकला परत आला, टपरी दिसली, की पाट पुन्हा फुटला. औषध वर-खाली, वर-खाली. गावी न्यायला माझी ना नाही. मे महिन्यात मळ्यातली हवा कॉलेज रोडपेक्षा केव्हाही बरी. पण डॉक्टरांना तारीख सांगून न्या. सिगारेट कमी होत जाईल तसा डोस बघायचा, हे आधी ठरवून न्या. बाराच्या दहा झाल्या तर औषधाच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. बाराच्या दोन किंवा शून्य झाल्या की पडतो.

यातच एक चहाचं. चहा-कॉफीतलं कॅफीनही हेच एन्झाइम फोडतं. सिगारेट बंद केली आणि कटिंग तेवढेच चालू ठेवले, तर अंगात कॅफीन जास्त साठतं. मग झोप उडते, छाती धडधडते, चिडचिड होते आणि घरचे म्हणतात, ‘सिगारेट सोडल्यामुळेच हा बिघडला.’ सोडायच्या आठवड्यात चहा निम्मा करायचा.

डोकं शांत राहतं, हे त्याचं दुसरं वाक्य. ते अर्धंच खरं आहे. निकोटीन रक्तातून दोन-एक तासांत निम्मं होतं. मग अस्वस्थपणा, चिडचिड, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ओढली की ते थांबतं आणि माणसाला वाटतं, हिनेच शांत केलं. आधीच्या सिगारेटने लावलेली आग पुढची विझवते, एवढंच. पण ज्याच्या डोक्यात आजाराचीही अस्वस्थता आहे, त्याला यातली कोणती कुठली हे कसं समजावं? म्हणून त्याला ‘हा तुझा भ्रम आहे’ असं सांगायला जाऊ नकोस. भ्रम हा शब्द त्याने आयुष्यात पुरेसा ऐकलाय. एवढंच सांग की सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस वाईट जातात, दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं आणि त्यानंतर बऱ्याच जणांचं मन आधीपेक्षा हलकं होतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून हेच दाखवलं होतं. सोडणाऱ्यांमध्ये चिंता, उदासी आणि ताण हे तिन्ही न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झाले, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही तसंच.

‘एवढं एकच सुख उरलंय’ या तुझ्या ओळीवर मी दोन दिवस अडकले होते. ही ओळ प्रेमातून येते, हे मला कळतं. पण तिच्यात एक गृहीत लपलेलं आहे की आता याच्या आयुष्यात दुसरं काही यायचं नाही. स्किझोफ्रेनियासारखे आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात, आणि बहुतेकदा आवाजांमुळे नाही, तर हृदय, फुफ्फुस, साखर यांच्यामुळे. ओलान्झापीनने वजन आणि साखर वाढू शकते, त्यावर सिगारेट म्हणजे हृदयावर दुहेरी मार. या मुलांच्या फुफ्फुसांची काळजी डॉक्टरही पुष्कळदा करत नाहीत, ‘आधी डोकं सांभाळू’ म्हणतात. ‘निदान सिगारेट तरी राहू दे’ हे वाक्य मी मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. निरोगी एकवीस वर्षांच्या मुलाबद्दल आपण असं म्हणू का गं?

शिवाय सुख सिगारेटचंच आहे की टपरीचं? कॉलेज सुटलं, मित्र पांगले. घरात प्रत्येक जण त्याच्या चेहऱ्याकडे बघून आजचा दिवस कसा ते ताडतो. टपरी ही एकच जागा असेल जिथे त्याला कोणी ‘गोळी घेतलीस का?’ विचारत नाही. सिगारेट संपेपर्यंत पाच मिनिटं कोणाशेजारी तरी उभं राहता येतं. हे काढून घ्यायचं तर तिथे काय ठेवणार, याचा विचार आधी व्हायला हवा. कृषिनगरच्या बाजूला नाहीतर गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरायला जा, असं मी नुसतं म्हटलं तर तो जाणार नाही. औषधाने सकाळी डोळेच उघडत नाहीत. संध्याकाळी, एका माणसाबरोबर, ठरलेल्या वेळी. तो माणूस तू नसलीस तर फार बरं. एखादा चुलतभाऊ, जुना मित्र, शेजारचे काका, कोणीही, ज्याला आजाराची चर्चा करायची हौस नाही.

पैशाचं एक करून टाक. उधारी भरलीस ती भरलीस, आता टपरीवाल्याला भावासमोरच सांग की यापुढे उधारी नाही, रोख द्यायची. ठरलेली रक्कम भावाच्या हातात दे, आठवड्याची, आणि तिचं तो काय करतो ते विचारू नकोस. चोरून पुरवणं आणि चोरून ओढणं, दोन्ही बंद होऊ दे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, आणि सुटी सिगारेट मिळते कशी हे नाशिककराला सांगायला नको. त्यातली मजा बघ. पाकिटावर ८५ टक्के जागेत ते भयंकर चित्र आणि खाली सोडायच्या मदतीचा नंबर छापलेला असतो, पण सुटी घेणाऱ्या पोराच्या हातात पाकीट येतच नाही. तो नंबर १८००-११-२३५६. फुकट आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आवाज चालू असताना मात्र सोडण्याची मोहीम नको. आधी औषधाची घडी बसू दे. पण ‘पूर्ण बरा झाल्यावर बघू’ असंही नको, तो दिवस कॅलेंडरात नसतो. घडी बसली की त्याला विचारा, सोडायची आहे का. मानसिक आजार असलेल्या मुलांनाही सोडायची इच्छा इतरांइतकीच असते, त्यांना विचारलं कमी जातं. हो म्हणाला तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम. दोन मिलिग्रॅमचं मेडिकलमध्ये मिळतं. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं कचाकचा चावायचं नसतं. हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालाच्या आत धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. चहानंतर पंधरा मिनिटं थांबून, नाहीतर लागू पडत नाही. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन अशा गोळ्याही आहेत. त्यांनी डोकं बिघडतं अशी भीती पूर्वी होती. २०१६ साली आठ हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता पण तो आटोक्यात होता, आणि त्यात ही भीती खरी ठरली नाही. तरी बुप्रोपिऑन सगळ्यांना चालत नाही, झटक्यांचा धोका असलेल्यांना तर नाहीच. त्यामुळे ऑनलाइन मागवू नका. ई-सिगारेटचं कोणी सुचवलं तर तिच्यावर देशात २०१९ पासून बंदी आहे, तो विषय तिथेच संपतो.

सोडून पुन्हा ओढली तर? ओढेल. बहुतेक जण एका झटक्यात सोडत नाहीत. वहीत आकडा लिहायचा आणि डॉक्टरांना कळवायचं, कारण गोळीचं गणित पुन्हा बदललेलं असतं.

आजींना माझा नमस्कार सांग. सिन्नरच्या विडीवर कित्येक घरं उभी राहिली, त्या मांडीवरच्या सुपाला मी नावं ठेवणार नाही. त्यांना एकदा विचार, दिवसभर विड्या वळताना खोकला यायचा का, आणि स्वतः किती ओढल्या. मला उत्तर ऐकायला आवडेल. भावालाही आवडेल, ते आजींच्या तोंडून आलं तर.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहून खोडली आहेस. कागद उजेडाला धरला की ती वाचता येते. मी ती इथे छापलेली नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजताही लागतो. हा नंबर मी भावासाठी देत नाहीये.